लेटनरचा जोडीदार कोण? हिल नाही, हर्ली

ड्यूकच्या बास्केटबॉलमधली सगळ्यात भारी जोडी कुठली, असा विषय निघाला की बरेच लोक डोळे झाकून ख्रिश्चन लेटनर आणि ग्रँट हिल म्हणून मोकळे होतात, आणि त्याला कारण एकच, ती क्लिप. २८ मार्च १९९२, फिलाडेल्फिया, केंटकी एका पॉइंटनं पुढे, २.१ सेकंद शिल्लक, हिल कोर्टच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला बॉल भिरकावतो, लेटनर फ्री थ्रोच्या रेषेपाशी उडी मारून पकडतो, एक ड्रिबल, गिरकी, शॉट, १०४-१०३. दर मार्चमध्ये टीव्हीवाले ती इतक्या वेळा दाखवतात की १९९२ नंतर जन्मलेल्या पोरांनाही ती पाठ आहे. मग साहजिकच ज्यानं फेकला तो आणि ज्यानं झेलला तो, ही जोडी. माझं म्हणणं असं की यातलं अर्धं नाव बरोबर आहे आणि अर्धं चुकीचं. लेटनर हवाच, त्याच्या शेजारची खुर्ची मात्र बॉबी हर्लीची आहे.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ड्यूक ही नॉर्थ कॅरोलिनातल्या डरहॅमची युनिव्हर्सिटी. रॅली, डरहॅम, चॅपल हिल या तीन गावांचा हा ट्रँगल, मधे रिसर्च पार्क, आणि आयटीतल्या कामामुळे केरी-मॉरिसव्हिलकडे आपली मराठी मंडळी भरपूर, गणपती जोरात, दिवाळी जोरात. इथे नवीन आलेल्या माणसाला पहिल्या हिवाळ्यातच कळतं की घर कुठल्या स्कूल झोनमधे घेतलं यापेक्षा तुम्ही ड्यूकचे की कॅरोलिनाचे, म्हणजे चॅपल हिलच्या युनिव्हर्सिटीचे, हा प्रश्न जास्त गंभीर आहे (रॅलीच्या युनिव्हर्सिटीचे, एनसी स्टेटवाले तिसरे, त्यांचं दुःख वेगळं). ड्यूकचं कॅमेरॉन इनडोअर १९४० मधलं, जेमतेम ९३१४ माणसं मावतात, कॅरोलिनाच्या मॅचसाठी स्टुडंट आठवडेच्या आठवडे बाहेर तंबू ठोकून राहतात. माइक शशेव्स्की, ज्याला सगळे नुसतं कोच के म्हणतात, तो तिथे १९८० ते २०२२ होता आणि त्यानं पाच नॅशनल टायटल जिंकली, १९९१, १९९२, २००१, २०१० आणि २०१५. एवढी वर्षं आणि इतके खेळाडू म्हटल्यावर भांडायला मटेरियल कमी पडत नाही.

आता भांडायचं तर आधी मोजायचं काय ते ठरवायला हवं, नाहीतर एक जण टायटलबद्दल बोलतोय, दुसरा कॉलेजनंतरच्या प्रोफेशनल लीगबद्दल, एनबीएबद्दल, तिसरा इन्स्टावर कोणाचे फॉलोअर जास्त यावर, असा तमाशा होतो. एनबीए तर आधीच बाजूला काढा. एनबीएत पुढे काय दिवे लावले यावर कॉलेजची जोडी मोजायची असेल तर हर्ली पहिल्याच फेरीत बाद, कारण १९९३ च्या ड्राफ्टमधे (एनबीए टीम नवीन खेळाडू निवडतात ती निवड) सातवा गेलेला हा पोरगा त्याच डिसेंबरमधे सॅक्रामेंटोत गाडीच्या भीषण अपघातात सापडला, मरता मरता वाचला, आणि नंतर परत खेळला तरी तो आधीचा हर्ली नव्हता. पण त्यामुळे त्यानं डरहॅममधे जे केलं ते पुसलं जातं का? पद्माकर शिवलकरांना ५८९ फर्स्ट क्लास विकेट काढून एकही टेस्ट मिळाली नाही, म्हणून मुंबईच्या रणजी टीमची गोष्ट त्यांना वगळून सांगायची हिंमत शिवाजी पार्कात कोणी करून दाखवावी. कॉलेजचा हिशोब कॉलेजमधेच मिटवायचा.

दुसरं, दोन भारी खेळाडू एकाच टीममधे होते म्हणून जोडी होत नाही. माझी कसोटी साधी आहे. एकाचा दिवस वाईट असताना दुसऱ्यानं ओझं उचललं का, उलट वेळ आल्यावर पहिल्यानं उचललं का, आणि हे फुटकळ मॅचमधे नाही, हरलो तर घरी जायचं अशा मार्चमधल्या नॅशनल टूर्नामेंटच्या मॅचमधे. आणि तिसरं, एकमेकांमुळे दोघांचा खेळ बदलला का. यासाठी वेळ लागतो राव, एका सीझनमधे हे होत नाही.

म्हणून झायॉन विल्यमसन आणि आरजे बॅरेट मी पटकन निकालात काढतो. २०१८-१९ ला दोघांनी मॅचमागे २२.६ पॉइंट केले, अगदी दोघांनीही २२.६, टॅलेंट म्हणाल तर ड्यूकमधे असं काही एकत्र आलंच नव्हतं, कॅरोलिनाविरुद्ध पहिल्याच मिनिटात झायॉनचा बूट फाटला तर ती जगभरची बातमी झाली. पण हातात काय? मिशिगन स्टेटकडून ६८-६७ हार, फायनल फोरच्या (शेवटच्या चार टीम, म्हणजे सेमीफायनल) एक पाऊल अलीकडे, आणि दोघं एनबीएत चालते झाले. कूपर फ्लॅग आणि कॉन कनिपलचं तेच, २०२४-२५ ला ३५-४ (३५ विजय, ४ पराभव), अफाट टीम, आणि ह्यूस्टनविरुद्ध फायनल फोरमधे हातातली मॅच शेवटच्या अर्ध्या मिनिटात घालवली, ७०-६७. दोष त्यांचा नाही. एनबीएनं २००६ च्या ड्राफ्टपासून हायस्कूलनंतर एक वर्ष थांबायचा नियम आणला, तेव्हापासून टॉपचे खेळाडू कॉलेजला वेटिंग रूमसारखे येतात. २०२५ ला ड्यूकच्याच जुन्या खेळाडूची, कार्लोस बूझरची जुळी पोरं ड्यूकला आली, आता जन्मापासूनची जोडी याहून जुनी कुठे मिळणार, पण ते भांडण त्या पोरांच्या वयाच्या लोकांनी करावं.

जॉनी डॉकिन्स आणि मार्क अलारीबद्दल मात्र टोपी काढूनच बोलायचं. १९८२ ला आले तेव्हा पहिला सीझन ११-१७, व्हर्जिनियानं शेवटच्या मॅचमधे १०९-६६ असं धुतलं, लोक कोच के ला हाकला म्हणत होते. त्याच पोरांनी चौथ्या वर्षी ३७-३ केलं आणि फायनलला लुईव्हिलकडून ७२-६९ नं हरले. डॉकिन्स २५५६ पॉइंट, अलारी २१३६. हे दोघं नसते तर पुढचं काहीच झालं नसतं असं म्हणणाऱ्याशी मी वाद घालणार नाही. पाया त्यांचा, कळस नाही त्यांच्याकडे, आणि सगळ्यात भारी म्हणायला कळस लागतो.

आता जेजे रेडिक आणि शेल्डन विल्यम्स. इथे मला जरा थांबायचंय, कारण आकड्यांवर हीच जोडी पहिली येते आणि त्यांचे समर्थक हे आकडे घेऊनच अंगावर येतात. पूर्ण चार वर्षं एकत्र, २००२ ते २००६. रेडिक २७६९ पॉइंट, तेव्हा अख्ख्या एसीसी कॉन्फरन्सचा (ड्यूक ज्या गटात खेळतं त्याचा) रेकॉर्ड. शेल्डन १२६२ रिबाउंड (चुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं) आणि ४२२ ब्लॉक, दोन्ही ड्यूकचे रेकॉर्ड. एक बाहेरून जाळ काढतोय, दुसरा आत भिंत. चार वर्षांत ११६ विजय, २३ पराभव. कागदावर यापेक्षा परफेक्ट जोडी नाही, आणि रेडिकला विरोधी गावांत ज्या शिव्या बसल्या त्या ऐकूनही तो फ्री थ्रो मारत राहिला याचं मला कायम कौतुक आहे.

पण मार्चमधे काय झालं ते बघा. २००४ ला फायनल फोर, समोर यूकॉन (कनेटिकट युनिव्हर्सिटी), ड्यूक शेवटच्या काही मिनिटांत आठनं पुढे, आणि शेल्डन पाच फाउल झाल्यानं बाद होऊन बेंचवर. नुसता तोच नाही, ड्यूकचे तीन उंच खेळाडू त्या दिवशी फाउलमधे बाहेर गेले. ७९-७८ नं हरले. अशा वेळी दुसऱ्यानं मॅच ओढून न्यायची असते, रेडिकला ती ओढता आली नाही. दोन वर्षांनी उलटं. २००६, समोर एलएसयू (लुईझियाना स्टेट), रेडिक सीनियर म्हणजे चौथ्या वर्षाला, देशातला सर्वोत्तम खेळाडू, मॅचमागे २६.८ पॉइंटची सरासरी, आणि गॅरेट टेंपल नावाच्या लांब हातांच्या फ्रेशमननं (पहिल्या वर्षाच्या पोरानं) त्याला असा चिकटून धरला की १८ पैकी ३ शॉट. शेल्डन आत झुंजत राहिला, पुरला नाही, ६२-५४. एक पडला की दुसरा उभा, हे दोन्ही बाजूंनी दोनदा तपासलं गेलं आणि दोन्ही वेळा टीम घरी गेली. क्रूर वाटेल, पण जोडी म्हणून त्यांना मी चौथ्या नंबरच्या वर नेऊ शकत नाही.

शेन बॅटिए आणि जेसन विल्यम्स (आता सगळे जे विल्यम्स म्हणतात) ही जोडी मात्र मला खरंच भीती घालते, म्हणजे माझ्या मुद्द्याला. दोनच सीझन, ६४-९, एक टायटल. जानेवारी २००१ ची मेरीलँडची मॅच बघा, शेवटचं मिनिट, १० नं मागे, मेरीलँडचे प्रेक्षक नाचायला लागलेले, आणि विल्यम्स १४ सेकंदांत ८ पॉइंट मारतो, मॅच ओव्हरटाइमला, ड्यूक ९८-९६. मग त्याच मेरीलँडशी फायनल फोरमधे गाठ, ड्यूक ३९-१७, बावीसनं मागे, आणि तिथून ९५-८४ नं जिंकले. फायनलला ॲरिझोना, ८२-७२. त्याआधी फेब्रुवारीच्या शेवटी बूझरचा पाय मोडलेला, आत उंच माणूस नाही, कोच के नं टीम छोटी आणि वेगवान केली आणि सलग दहा मॅच जिंकल्या. त्या दहा मॅचमधे बॅटिए जे करत होता त्याला बॉक्स स्कोअरमधे रकानाच नाही, अंगावर येणाऱ्याच्या वाटेत उभं राहून फाउल काढणं, चुकलेल्या सहकाऱ्याची जागा भरणं, त्याच्यामुळे विल्यम्सला मोकाट सुटता आलं. २००१ चा देशातला सर्वोत्तम खेळाडू बॅटिए, २००२ चा विल्यम्स. माझ्या यादीत दुसरी. पहिली नाही कारण त्या टीममधे डनलीव्ही होता, ड्युहॉन होता, फायनलमधे २१ पॉइंट मारून सगळ्यात जास्त स्कोअर डनलीव्हीचाच. दोघांनी मिळून टीम पाठीवर घेतली असं चित्र तिथे नाही, पाच जणांनी घेतली. शिवाय दोन वर्षांत एकदाच.

तर लेटनर आणि हर्ली. सुरुवात १९९० पासून, आणि सुरुवात घाणेरडी. हर्ली फ्रेशमन, जर्सी सिटीच्या सेंट अँथनी शाळेतून आलेला, बापच तिथला कोच, दिसायला असा की बारावीचा मुलगा चुकून कोर्टवर आलाय. फायनलला समोर यूएनएलव्ही, वेगास, त्या काळातली सगळ्यात खतरनाक टीम. हर्ली पोट बिघडून आजारी, अख्ख्या मॅचमधे दोन पॉइंट, ड्यूक १०३-७३ नं हरलं. तीस पॉइंटनी फायनल कोणी हरलं नव्हतं आणि आजतागायत हरलेलं नाही. वर हा पोरगा प्रत्येक चुकीनंतर तोंड वेडंवाकडं करायचा, रेफरीकडे रडवेल्या चेहऱ्यानं बघायचा, हात झटकायचा. आणि लेटनर सीनियरिटी दाखवत त्याला सतत टोचायचा. लेटनर गोड माणूस नव्हताच हो, तो स्वतःच्या टीममधल्यांनाही सोडायचा नाही, केंटकीच्या त्याच मॅचमधे त्यानं खाली पडलेल्या खेळाडूच्या छातीवर पाय दिला होता आणि त्यावर टेक्निकल फाउलही बसला होता.

कोच के नं काय केलं, तर हर्लीच्या नुसत्या चेहऱ्यांची व्हिडिओ टेप बनवून त्याला बसवून दाखवली. पासेस नाही, शॉट नाही, फक्त चेहरे. हे मला सगळ्या बास्केटबॉलमधलं सगळ्यात हुशार कोचिंग वाटतं. पॉइंट गार्डचं, म्हणजे खेळ चालवणाऱ्याचं, तोंड पडलं की चार जणांचं पडतं, आणि ते पोराला भाषण देऊन समजलं नसतं, बघून समजलं.

एक वर्षानं, १९९१, इंडियानापोलिस, सेमीफायनल, परत यूएनएलव्ही. सीझनमधे ३४-०, मागच्या वर्षीचे मिळून सलग ४५ विजय, लोकांना प्रश्न एवढाच की किती फरकानं. शेवटची अडीच मिनिटं, ७६-७१, वेगास पाचनं पुढे. इथे ड्यूकनं आणखी एक बास्केट खाल्ली असती तर विषय संपला असता. हर्ली बॉल घेऊन आला आणि कोणालाही न विचारता थ्री, म्हणजे लांबून तीन पॉइंटचा शॉट, मारला. ७६-७४. मला विचाराल तर ड्यूकच्या इतिहासातला सगळ्यात मोठा शॉट हा आहे, केंटकीचा नाही, कारण हा गेला नसता तर १९९१ नाही, १९९२ चा रुबाब नाही, काहीच नाही. आणि मारला कोणी, तर त्याच टीमसमोर वर्षापूर्वी दोन पॉइंट करून रडलेल्या पोरानं. मग स्कोअर ७७-७७, बारा सेकंद आणि काही दशांश, लेटनर फ्री थ्रोला, दोन्ही आत. ७९-७७, लेटनरचे २८. दोन दिवसांनी कॅन्ससला ७२-६५ नं हरवून ड्यूकचं पहिलं टायटल. लेटनर फ्री थ्रो १२ पैकी १२, हर्ली ४० च्या ४० मिनिटं कोर्टवर.

म्हणजे १९९१ ला मुख्य माणूस लेटनर, हर्ली आधार. आता १९९२. केंटकीची ती मॅच, लेटनरची १० पैकी १० बास्केट आणि १० पैकी १० फ्री थ्रो, ३१ पॉइंट, हे सगळ्यांना माहितीये. त्याच मॅचमधे हर्लीचे २२ पॉइंट आणि १० असिस्ट (दुसऱ्याच्या बास्केटसाठी दिलेले पास) होते हे कोणी सांगत नाही कारण ते क्लिपमधे मावत नाही. पुढची मॅच त्याहून महत्त्वाची. सेमीफायनल, समोर इंडियाना युनिव्हर्सिटी आणि त्यांचा कोच बॉब नाइट, म्हणजे कोच के चा स्वतःचा गुरू, आणि लेटनर, देशातला सर्वोत्तम खेळाडू, पूर्ण मॅचमधे ८ पॉइंट. बऱ्याच टीम अशा दिवशी घरी जातात, रेडिकची गेलीच. इथे हर्लीनं २६ मारले, सहा थ्री, आणि ड्यूक ८१-७८ नं वाचलं. फायनलला मिशिगनची ती पाच फ्रेशमनवाली फॅब फाइव्ह, पहिल्या हाफमधे लेटनर परत गायब, टर्नओव्हरवर टर्नओव्हर, हाफटाइमला ड्यूक एका पॉइंटनं मागे. दुसऱ्या हाफमधे तो जागा झाला, १९ वर गेला, ७१-५१. फायनल फोरचा सर्वोत्तम खेळाडू १९९१ ला लेटनर होता, १९९२ ला हर्ली. ही घ्या माझी कसोटी, दोन्ही बाजूंनी पास, आणि लागोपाठ दोन वर्षं. १९७३ च्या यूसीएलएनंतर लागोपाठ दोन टायटल कोणी घेतली नव्हती. (गंमत म्हणजे पुढे २०२३ आणि २०२४ ला यूकॉनचा कोच म्हणून हेच केलं ते बॉबीच्या धाकट्या भावानं, डॅन हर्लीनं.) तीन सीझन एकत्र, तीन फायनल, ९५-१८. लेटनरचे टूर्नामेंटमधले एकूण ४०७ पॉइंट हा रेकॉर्ड आहे, हर्लीनं १९९३ ला सोडताना १०७६ असिस्ट केले होते आणि तो रेकॉर्ड तीस वर्षांहून जास्त टिकला.

आता हिलवाले. त्यांचा मुद्दा पोकळ अजिबात नाही, उलट तो नीट मांडला तर माझ्यापेक्षा भारी वाटू शकतो. फेब्रुवारी १९९२ ला हर्लीचं पाऊल मोडलं, पाच मॅच बाहेर, हिल पॉइंट गार्ड झाला आणि शकील ओनीलच्या एलएसयूला त्यांच्याच गावात जाऊन हरवून आला. १९९३ ला लेटनर गेल्यावर हर्ली आणि हिल दोघं असूनही ड्यूक दुसऱ्या फेरीत कॅलिफोर्नियाकडून हरलं, तिथे हर्लीनं ३२ मारूनसुद्धा. आणि १९९४ ला दोघंही नसताना हिलनं टीम फायनलपर्यंत नेली, आर्कान्सासकडून ७६-७२ नं गेले. यातून काय सिद्ध होतं? की हिल तिघांत सगळ्यात पूर्ण खेळाडू होता. मान्य, शंभर टक्के मान्य. पण १९९४ हा एकट्या हिलचा पराक्रम आहे, त्यातून लेटनर-हिल जोडी कशी सिद्ध होते ते मला कोणी समजावून सांगा. लेटनरच्या दोन वर्षांत हिल तिसरा माणूस होता, आणि तो स्वखुशीनं तिसरा राहिला हे त्याचं मोठेपण. इंडियानाविरुद्ध लेटनरचा खेळ बसला तेव्हा मॅच हर्लीनं घेतली. वेगासविरुद्ध पाचनं मागे असताना बॉल हर्लीच्या हातात होता.

आणि त्या पासबद्दलही एक सांगतो. महिनाभर आधी वेक फॉरेस्टविरुद्ध शेवटच्या क्षणी तेच केलं होतं, तोच हिल, तोच लेटनर, पास वळला, लेटनर रेषेबाहेर गेला, मॅच हरले. एकदा फसलं, एकदा जमलं. केंटकीच्या कोचनं फेकणाऱ्यासमोर माणूसच उभा केला नाही हेही त्यात आलं. इतकी सुंदर गोष्ट नशिबाशिवाय होत नाही, होऊही नये, पण एका पासवर तीन वर्षांचा संसार मोडायचा म्हणजे जरा जास्त होतं.

जाता जाता, या यादीत बायकांच्या टीमचं नाव कोणी घेत नाही याचा मला राग आहे. अलाना बिअर्ड आणि आयसिस टिलिस चार वर्षं एकत्र खेळल्या, २००२ आणि २००३ ला फायनल फोर, बिअर्डचे २६८७ पॉइंट म्हणजे लेटनरच्या २४६० पेक्षा जास्त. माझ्या यादीत त्या तिसऱ्या, रेडिक-शेल्डनच्या वर, दोनदा फायनल फोर गाठणं एकदापेक्षा जास्त असतं एवढं गणित मला येतं.

आणि हिलवाल्यांनो, ड्यूकचा एकटा सर्वोत्तम खेळाडू कोण असं विचाराल तेव्हा या, पहिलं मत हिललाच देईन. जोडीचं विचारलं तर उत्तर लेटनर आणि हर्ली.